घरचं किचन हाच पहिला कारखाना: अंधारी, कोंदट जागा उजेडाची आणि निवांत कशी करायची?



खाद्यपदार्थांच्या घरगुती उद्योगावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मसाल्याचा नाहीतर पोळी-भाजीच्या डब्यांचा धंदा सुरू करायचाय. पण किचन एवढंसं आहे, दिवसाढवळ्या लाइट लावावा लागतो, फोडणी दिली की सगळं घर खोकतं. आधी कर्ज काढून मॉड्युलर किचन करू, की मागे शेड टाकू?"

माझं उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. दोन्ही आत्ता नको. आधी आहे त्याच किचनमध्ये उजेड आणा, हवा खेळती करा, कामाची रांग लावा. ट्रॉल्या आणि शेड ही शेवटची पायरी आहे, आणि खूप जणांना तिथपर्यंत जावंच लागत नाही.

उजेड ही चैन नाही, धंद्याची अट आहे

एफएसएसएआयची नोंदणी छोट्या घरगुती खाद्य उद्योगालाही लागते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण नोंदणी करताना आपण ज्या अटी पाळायचं कबूल करतो, त्या फार थोडे लोक वाचतात. २०११ च्या नियमावलीत अनुसूची ४ आहे. त्यात लहान उद्योगासाठीच्या सुरुवातीच्याच अटींमध्ये लिहिलंय की जागा स्वच्छ हवी, पुरेसा उजेड हवा, हवा खेळती हवी आणि वावरायला मोकळी जागा हवी. पुढे भिंती-छताला पोपडे नकोत, फरशी-भिंती सहज धुता याव्यात, पिण्यायोग्य पाणी हवं, सांडपाण्याचा नीट निचरा हवा आणि उपकरणं भिंतीला चिकटवून न ठेवता मागची बाजू दिसेल अशी ठेवावीत, असं येतं. ट्रॉल्या हव्यात असं त्यात कुठेही नाही.

नियम बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. अंधारात डाळीतला खडा दिसत नाही. मिरचीच्या देठाजवळची बुरशी दिसत नाही. पिठातली जाळी, पदार्थातला केस दिसत नाही. मसाला भाजताना खोबरं बदामी झालंय की करपायला लागलंय, हे पिवळ्या मंद बल्बखाली कळत नाही. मग एका घाण्याचा रंग एक आणि दुसऱ्याचा दुसरा. गिऱ्हाईक बोलत नाही, पुढच्या वेळी येत नाही एवढंच.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपल्याकडे घराला पैसा लागतो तो हॉलला. पीओपी होतं, टीव्हीचं युनिट होतं, गेट बसतं. घरातली बाई दिवसाचे सहा-सात तास जिथे उभी असते त्या खोलीचा नंबर शेवटी येतो. "चाललंय ना, मग राहू दे." घरच्या वापराला ते चालून जातं, म्हणजे तिने चालवून घेतलेलं असतं. पण त्याच खोलीतून कमाई करायची म्हटल्यावर तिथला धूर, वाकलेली पाठ आणि ताणलेले डोळे हे सगळं धंद्याच्या खर्चात येतं. आपण फक्त ते वहीत लिहीत नाही.

कमी जागेतून मोठं काम झालेलं आहे

लिज्जत पापडाची सुरुवात सगळ्यांना माहीत असते, पण जागेच्या अंगाने ती पुन्हा बघा. १५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवास इमारतीत सात बायका आणि ८० रुपये उसने. पापड लाटायला त्यांनी गच्ची घेतली, म्हणजे भाडं नाही आणि ऊन-वारा फुकट. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मग पावसाळा आला, पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद राहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पावसातही पापड वाळायला लागले.

यात शिकण्यासारखं हे की त्यांनी "जागा वाईट आहे" असं मोघम म्हटलं नाही. नेमकी अडचण ओळखली: पावसात ऊब मिळत नाही. मग तेवढ्याच अडचणीवर तेवढाच खर्च केला.

दुसरं उदाहरण परदेशातलं आहे. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधताना मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईने एक छोटं किचन आखलं. माप होतं १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट. कामाचं टेबल खिडकीखाली, बसून काम करायला फिरतं स्टूल, पीठ-साखर-तांदळाला नावं लिहिलेले धातूचे खण. अशी सुमारे १०,००० किचन तिथे बसवली गेली आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथेच मानतात. गंमत म्हणजे या बाईने पुढे स्वतःच सांगितलं की हे किचन आखण्याआधी तिने कधी स्वयंपाक केला नव्हता. तिने घड्याळ लावून पावलं आणि मिनिटं मोजली होती.

तुमचं आठ बाय दहाचं किचन ८० चौरस फुटांचं आहे. फ्रँकफर्टच्या त्या किचनपेक्षा मोठं. शिवाय तुम्हाला स्वयंपाक येतो. फक्त मोजलेलं नाही.

पहिली पायरी: रिकामं करा

एक पैसा खर्च न करता सुरुवात इथून. एका सुट्टीच्या दिवशी किचनमधली प्रत्येक वस्तू बाहेर अंगणात किंवा हॉलमध्ये आणा. तीन ढीग करा: रोज लागणारं, महिन्यातून लागणारं, आणि वर्षभरात हात न लागलेलं.

माझं भांड्यांचंच दुकान आहे, तरी सांगते. तिसऱ्या ढिगातली भांडी बघून नवीन खरेदीची इच्छा आपोआप कमी होते. लग्नातल्या परातींचा गठ्ठा, फुटक्या झाकणाचे डबे, बंद पडलेला मिक्सर, हे सगळं खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर माळ्यावर जागा अडवून बसलेलं असतं. धंदा सुरू व्हायच्या आधी एकसारखे चाळीस डबे घेऊन जाणारी गिऱ्हाइकं मला आवडतात, पण सल्ला म्हणून तो खर्च मी कुणाला सांगणार नाही.

खोली रिकामी झाली की खरी भिंत, खरी ओल आणि खरी खिडकी दिसते. खिडकीची जाळी सोडा टाकलेल्या गरम पाण्याने घासा. तेल आणि धूळ बसून ती जाळी जवळजवळ बंद झालेली असते. कितीतरी घरांत अर्धा अंधार हा त्या जाळीचा आणि खिडकीतल्या डब्यांचाच असतो.

दुसरी पायरी: घराप्रमाणे उजेड आणा

राष्ट्रीय इमारत संहितेत किचनला बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडणारी निदान एक चौरस मीटरची खिडकी असावी असं म्हटलंय. म्हणजे साधारण तीन बाय साडेतीन फूट. आपल्या भागात तीन प्रकारची घरं दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

*गावठाणातलं जुनं घर.* दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, त्यामुळे तिथे खिडकी काढता येत नाही. उजेड येईल तो पुढून, मागून किंवा वरून. मागच्या दाराच्या वर काचेचा झरोका करता येतो. छतातून झरोका काढायचा तर पावसाचं पाणी आत येणार नाही असा काचेचा उंचवटा करून घ्या. जुन्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. खिडकीच्या आतल्या कडा तिरप्या करून पांढऱ्या रंगवल्या तर तेवढ्याच खिडकीतून उजेड जास्त पसरतो. एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. जुन्या घराची भिंत जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय फोडू नका. तुळईचा भार कशावर आहे हे बाहेरून कळत नाही.

*मळ्यातलं पत्र्याचं घर.* इथे काम सोपं. एका पत्र्याच्या जागी पारदर्शक पत्रा टाकला की खोली उजळते. तो शक्यतो उत्तरेकडच्या उतारावर टाका. दक्षिणेकडे टाकलात तर एप्रिल-मेमध्ये उजेडाबरोबर ऊनही ओट्यावर येईल.

*प्लॉटवरचं नवीन घर किंवा फ्लॅट.* खिडकी असते, पण कित्येकदा तिच्यासमोर फ्रिज उभा असतो. आधी फ्रिज हलवा. घर तीन पाटीच्या बाजूला, नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यालगत असेल तर वाहनांची धूळ येते. तिथे बारीक जाळी लावा आणि ती दर आठवड्याला धुवा.

आता विजेचा उजेड. बहुतेक घरांत ट्यूब खोलीच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर असते. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली आपल्या कामावर पडते. म्हणून दुसरी एलईडी ट्यूब ओट्याच्या वर, आपल्या समोर, फळीच्या खालच्या बाजूला लावा. २० वॅटची ट्यूब रोज दहा तास चालली तर महिन्याला सहा युनिट. ६० वॅटचा जुना बल्ब तेवढ्याच वेळात १८ युनिट खातो. अगदी निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांवर येतो. दुकानात ४००० केल्विनची ट्यूब मागा. पदार्थाचा रंग खरा दिसतो आणि डोळेही दुखत नाहीत.

रंगाचं काम यानंतर. छत पांढरं, भिंती फिकट आणि धुता येणाऱ्या रंगाच्या. गडद हिरव्या किंवा तपकिरी टाइल्स उजेड पिऊन टाकतात. त्या काढायला खर्च येतो, म्हणून वरची उरलेली भिंत तरी फिकट ठेवा. ओल असेल तर आधी ती गळती बंद करा. ओलीवर दिलेला रंग एका पावसाळ्यात पोपडे धरतो.

तिसरी पायरी: हवेला यायची आणि जायची वाट

एक्झॉस्ट फॅन लावूनही धूर जात नाही, ही तक्रार खूप आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पंखा हवा बाहेर ओढतो, पण दार-खिडकी बंद असेल तर आत नवीन हवा येणार कुठून? किंवा पंख्याच्या शेजारीच उघडी खिडकी असते, मग पंखा तिथलीच हवा ओढतो आणि शेगडीवरचा धूर तसाच फिरत राहतो. पंखा शेगडीच्या जवळ आणि उंचावर हवा, आणि हवा आत यायची वाट समोरच्या बाजूने, खालून. मिरची भाजायची असेल तर हे आधी तपासा. अगरबत्ती लावून ओट्यावर ठेवा, धूर कुठे जातो ते बघा. फुकटची चाचणी आहे.

गॅसबद्दल दोन गोष्टी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून खालूनही हवेला वाट ठेवा, सिलिंडर उभा ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. आणि धंद्यासाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही, व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते. १९ किलोच्या सिलिंडरचा दर धरूनच पदार्थाची किंमत काढा.

चौथी पायरी: कामाची रांग

आपल्या उपबाजारात कांदा कसा पुढे जातो ते आठवा. आधी लिलाव, मग वजनकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, मग हिशोबपट्टी. ट्रॅक्टर उलटा फिरायला लागले तर अर्ध्या तासात कोंडी होईल. किचनमध्ये तीच कोंडी रोज होते आणि आपण तिला "जागा कमी आहे" म्हणतो.

कागदावर तुमच्या पदार्थाची रांग लिहा. उदाहरणार्थ मसाला: कच्चा माल, निवडणं, भाजणं, गार करणं, दळणं, वजन, पॅकिंग. आता किचनचा नकाशा काढून प्रत्येक कामाची जागा दाखवा आणि रेषा ओढा. रेषा एकमेकींना छेदत असतील, तर तिथे तुम्ही रोज आपटताय. माल एका बाजूने आत आणि तयार पाकीट दुसऱ्या बाजूला, असं जमेल तितकं करा. निवडलेला माल आणि न निवडलेला माल शेजारी नको. पॅकिंग मोरीपासून लांब. जागा फारच कमी असेल तर कामं वेळेने वेगळी करा: सकाळी घरचा स्वयंपाक, ओटा पुसून कोरडा, मग ऑर्डरचं काम. धंद्याची भांडी वेगळी ठेवा, त्यांना खूण करा.

ओट्याची उंचीही बघा. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. कोपरापासून चार इंच खाली ओटा असावा. पोळी लाटण्या-मळण्यासाठी सहा इंच खाली. ओटा फोडायची गरज नाही: कमी उंचीला जाड पाट किंवा लाकडी फळी ठेवा, जास्त उंचीला पायाखाली पक्की, न सरकणारी चौकट घ्या. निवडणं आणि पॅकिंग बसून करा.

निवांतपणा कुठून येतो?

शांत किचन म्हणजे पांढऱ्या टाइल्सचा फोटो नाही. हात न बघता बरोबर डब्यावर जातो, तिथे शांतता असते. त्यासाठी तीन सवयी पुरतात. ओट्यावर एका वेळी एकच काम. प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख. आणि दिवस संपताना दहा मिनिटं "जागच्या जागी". मिक्सरखाली रबराचा तुकडा ठेवला तर आवाजही कमी होतो, आणि शेजारच्या खोलीत अभ्यास करणारं पोर तुमच्या धंद्यावर वैतागत नाही.

पैशाचा हिशोब

समजा झरोका, ट्यूब, पंखा, रंग आणि दोन फळ्या मिळून ९,००० रुपये लागले. तुमच्या गावातले दर घालून हा आकडा बदला. समजा तुम्ही पोळ्या करता, तासाला ४०, आणि एका पोळीमागे सगळा खर्च जाऊन ३ रुपये उरतात. नव्या मांडणीने रोज अर्धा तास वाचला तर २० पोळ्या जास्त, म्हणजे ६० रुपये. महिन्याच्या २६ दिवसांचे १,५६०. खर्च सहा महिन्यांत सुटला.

पण या वीस पोळ्यांना गिऱ्हाईक असेल तरच. नसेल तर ते पैसे कागदावरच राहतात. अशा वेळी तो अर्धा तास विश्रांतीला घ्या. तीही मिळकत आहे, आणि ती कुणाची परवानगी न मागता घ्यावी.

कर्जाचा विचार कधी करायचा? सलग सहा महिने ऑर्डर येतात, आणि जागा नीट लावूनही काही ऑर्डर नाकाराव्या लागतात, तेव्हा. केंद्राची २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना बँक कर्जाला जोडलेली आहे. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे आणि निदान १० टक्के रक्कम आपली घालावी लागते. आजची मुदत आणि अटी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका. ऑर्डर आहे म्हणून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दुपारी बारा वाजता सगळे दिवे बंद करून ओट्यावर मूठभर डाळ निवडा. खडा दिसतो का?

२. अगरबत्तीची चाचणी करा. धूर कुठे जातो ते लिहा.

३. एक पूर्ण ऑर्डर करताना घरातल्या कुणाला तरी तुमची पावलं मोजायला बसवा. शक्यतो अशा माणसाला, जो एरवी किचनमध्ये फिरकत नाही. मोजून झाल्यावर खर्चाची यादी त्याच्यासमोरच करा.

४. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे लिहा की ती कोणती अडचण सोडवते. ज्या वस्तूपुढे काही लिहिता येत नाही, ती यादीतून काढा.

एवढं करून झालं की किचनचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढून ठेवा. नोंदणीच्या वेळी आणि बँकेत जाताना तो दाखवायला उपयोगी पडतो. पुढच्या भागात आपण लेबलवर काय काय छापावं लागतं ते बघू. तोपर्यंत ती खिडकीची जाळी मात्र आजच उतरवा.